उणे तीनशे : शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना लोकहिताची वकिली

हे प्रकरण एका मुलीचं आहे. तिला इथे अश्विनी म्हणते. गाव, विद्यापीठ, फर्म, संस्था यांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. मजकूर तिने वाचला आणि दोन ठिकाणी मला अडवलं. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. या प्रकरणात सल्ला देणारी मीच होते, आणि त्यातला एक सल्ला सपशेल अपुरा होता. तो कुठला, ते पुढे येईल.

पार्श्वभूमी

वडील एसटीत कंडक्टर, आईचं घरी शिलाईकाम, धाकटी बहीण शाळेत. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. २०१७ साली अश्विनीने क्लॅट ही विधी प्रवेशपरीक्षा दिली आणि परराज्यातल्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला. त्याच उन्हाळ्यात राज्याच्या विधी सीईटीतून पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजातही तिला जागा मिळण्यासारखी होती. तिथली फी विद्यापीठाच्या फीपुढे अगदीच किरकोळ. पण 'राष्ट्रीय' हा शब्द ऐकल्यावर घरात पेढे आले आणि दोन फी-पत्रकं शेजारी ठेवून बघायचं राहून गेलं. सतरा वर्षांच्या मुलीला त्याचा दोष देता येत नाही. वडिलांनाही नाही.

फी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला सव्वादोन-अडीच लाख. पाच वर्षांचे ११ लाख ६० हजार झाले. बँकेने साडेसात लाख मंजूर केले, कारण तिथपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर गेलं की तारण मागतात, आणि यांच्याकडे होती दोन एकर शेती, सातबाऱ्यावर काकांचंही नाव. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका बहुधा राजी नसतात, कारण थकीत कर्जासाठी ती सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेता येत नाही. तेव्हा उरलेली रक्कम घरातून उभी राहिली. २०१९ मध्ये वडिलांनी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून अडीच लाख उचलले. आईचं गंठण १ लाख १० हजारांना गहाण गेलं. बाकीचे पन्नासेक हजार पीएफमधून काढले. पतसंस्थेचा आणि गंठणाचा हा हिशेब अश्विनीला बरीच वर्षं माहीत नव्हता.

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीत ती माझ्याकडे इंटर्न म्हणून आली. एके दिवशी जिल्हा कारागृहात गेलो होतो. मुलाखतीच्या जाळीपलीकडे एक माणूस होता, विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप असलेला. त्याला जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते. ती मला म्हणाली, "मॅडम, जामीन झालाय तर हा आत का?" मी म्हटलं, जामीन झालाय, जामीनदार नाहीये. पंधरा हजारांच्या ऐपतीचा माणूस त्याच्यासाठी उभा राहायला तयार नाही, म्हणून. परतताना ती बसमध्ये गप्प होती. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या दर चार बंद्यांपैकी तिघे खटला न संपलेले, कच्चे कैदी होते. हा आकडा वर्गात शिकवतात. जाळीपलीकडचा माणूस वर्गात दिसत नाही. "मला हेच काम करायचंय," असं तिने त्या महिन्याच्या शेवटी सांगितलं. मी ते मनावर घेतलं नाही. दरवर्षी एखादी मुलगी असं म्हणते आणि पाचव्या वर्षी तिचा मुंबईहून फोन येतो.

पेच

जानेवारी २०२२. शेवटचं वर्ष, ओमायक्रॉनमुळे वर्ग पुन्हा ऑनलाइन, त्यामुळे ती घरी. हातात दोन पत्रं.

पहिलं मुंबईतल्या एका कॉर्पोरेट लॉ फर्मचं. चौथ्या वर्षीच्या इंटर्नशिपवरून आलेली ऑफर, वर्षाला १३ लाख, रुजू व्हायचं जुलै २०२२ ला. दुसरं एका लहान संस्थेचं. दोन वर्षांची फेलोशिप, महिन्याला ३० हजार मानधन, मराठवाड्यातल्या दोन कारागृहांत कच्च्या कैद्यांसाठी काम. मानधन हा शब्द इथे मुद्दाम आहे. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली करता येत नाही, म्हणून अशा संस्था बहुतेक वेळा पगार न देता मानधन देतात. त्याला पीएफ नसतो, ग्रॅच्युइटी नसते, आणि गृहकर्ज मागायला गेलं की बँक त्याला उत्पन्न मानताना नाक मुरडते.

याच्या मागे तिसरी गोष्ट होती. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला होता, विलीनीकरणाच्या मागणीसाठी. वडील संपात. नोव्हेंबरपासून पगार नाही. संप एप्रिलपर्यंत चालणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे आठवड्यात मिटेल, कुणी म्हणे बडतर्फ करतील.

अश्विनीने मला फोन केला तो 'कुठलं पत्र निवडू' हे विचारायला. मी म्हटलं, तुझ्या घरी येते. फोनवर हा हिशेब होत नाही.

हिशेब

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. स्वयंपाकघरात सतरंजी, मधे चहाच्या कपबश्या. बापलेक भिंतीला टेकून. अश्विनीने लॅपटॉपवर सुबक तक्ता केला होता. त्यात बँकेचं कर्ज होतं: मुद्दल साडेसात लाख, शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण तोवर सरळ व्याज चढत राहणार. दर मधल्या वर्षांत खाली-वर झाला होता, सरासरी साडेनऊ टक्के धरली. मे २०२३ पर्यंत व्याज २ लाख ६७ हजार. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर १० लाख १७ हजार. दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास. पंधरा वर्षांत फेडायचे तर १० हजार ९००, पण मग एकूण भरणा साडेएकोणीस लाखांच्या पुढे.

तिच्या तक्त्यात फेलोशिप बसत होती. मानधन ३० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी खोली-मेस-प्रवास १३ हजार, पंधरा वर्षांचा हप्ता १० हजार ९००, शिल्लक ६ हजार १००. ती थोडी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात आई आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला आणि तिने दोन गोष्टी आणून सतरंजीवर ठेवल्या. पतसंस्थेचं पासबुक आणि सोनंतारणाची पावती. म्हणाली, "हे पण लिहा, बाई."

पतसंस्थेचा हप्ता महिन्याला ५ हजार ६००. तो पगारातून कापला जायचा, आणि पगारच नव्हता म्हणून तीन हप्ते थकले होते. सोन्याचं व्याज महिन्याला सुमारे ८००. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून मी मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं पुन्हा मांडलं. तीस हजारांतून तेरा गेले, दहा हजार नऊशे गेले, पाच हजार सहाशे गेले, आठशे गेले.

उणे तीनशे.

कुणीच काही बोललं नाही. वडील म्हणाले, "पतसंस्थेचं मी बघतो, ते तिच्यात कशाला धरता?" त्यांचं म्हणणं रास्त होतं, कर्ज त्यांच्या नावावर होतं. पण जानेवारी २०२२ मध्ये ते कशातून बघणार होते, याचं उत्तर त्या घरात नव्हतं.

पुढे ज्यांनी ज्यांनी मला हाच प्रश्न विचारला त्या सगळ्यांना मी आधी पेटी उघडायला लावते, ती या संध्याकाळीमुळे. बँकेचा कागद एकच कर्ज दाखवतो, घरात दोन-तीन असतात, आणि मुलाला ती सांगायची नाहीत असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. मुलाने 'समाजासाठी काम करतो' म्हटलं की आईबाप जास्तच लपवतात, त्याचं मन मोडू नये म्हणून.

जे अनुदान हुकलं

हिशेब मांडतानाच आणखी एक गोष्ट निघाली आणि मला राग आला. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून आहे. कंडक्टरच्या पगारात हे कुटुंब त्या मर्यादेच्या बरंच आत होतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बँकेला द्यायचा आणि बँकेने दावा पाठवायचा, एवढंच. शाखेत कुणी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. आम्ही दोघी शाखेत गेलो तेव्हा मॅनेजर सभ्यपणे म्हणाले, मागच्या वर्षांचे दावे आता जात नाहीत. त्या दोन लाख ६७ हजारांतला जवळजवळ प्रत्येक रुपया एका दाखल्याअभावी चढला होता.

पर्याय

पहिला, थेट फेलोशिप. आकडे वर दिलेच आहेत. त्यात एक फट होती. मे २०२३ पर्यंत बँकेचा हप्ता नव्हता, म्हणजे पहिलं वर्ष हलकं गेलं असतं. तोवर संप मिटेल, पगार सुरू होईल, असा जुगार खेळता आला असता. अश्विनीचा कल इकडे होता.

दुसरा, फर्म. करार सल्लागाराचा, म्हणून महिन्याच्या रकमेतून दहा टक्के टीडीएस जाऊन हातात साडेसत्त्याण्णव हजार. मुंबईत दोघींत घर घेतलं तर खर्च ४८ हजारांत बसत होता. उरणारे पन्नास हजार एका वर्षात घराचं चित्र बदलू शकत होते. भीती एकच, सगळ्यांना माहीत असलेली: तिथे गेलेले परत येत नाहीत. याला कुणी वाईट असावं लागत नाही. भाडं वाढतं, पगार वाढतो, लग्न होतं, गृहकर्ज होतं.

तिसरा, औरंगाबाद खंडपीठात एखाद्या सिनिअरकडे ज्युनिअरशिप. एका ठिकाणी विचारलं तर महिन्याला आठ हजार देऊ म्हणाले, आणि हे वाईट मानलं जात नव्हतं. ज्युनिअरना शहरांत किमान वीस आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं ते २०२४ मध्ये, तेही शिफारस म्हणून. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. कोर्टात उभं राहायला खरं शिकवणारी जागा हीच आहे आणि तिथे फक्त घरचं खाऊन येणाऱ्यांनाच परवडतं, हे मी माझ्याच पेशाबद्दल लिहिते आहे.

चौथा, न्यायाधीशपदाची परीक्षा. तिने नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मला जाळीच्या त्या बाजूच्या माणसाकडून बोलायचंय." विषय संपला.

पाचवा तिनेच शोधला. फर्मला लिहिलं की एक वर्ष उशिरा रुजू होऊ का. दोन ओळींचं उत्तर आलं: जुलै २०२२, अन्यथा ऑफर रद्द. विचारायला काही गेलं नाही. पण अशी सवलत क्वचितच मिळते, तिच्यावर बेत आखू नये.

इथे थोडं विषयांतर. शिक्षणाच्या खर्चाच्या बदल्यात लोकांची सेवा, हा करार आपल्याला नवा नाही. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला आजही ग्रामीण सेवेचा बाँड असतो. अमेरिकेत २००७ पासून कायदा आहे की सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं केंद्रीय शैक्षणिक कर्ज माफ होतं. वकिलासाठी आपल्याकडे यातलं काहीच नाही. घटनेच्या ३९-अ कलमात मोफत कायदेशीर मदत आहे, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, पण ती मदत देणारा तरुण वकील स्वतःचा हप्ता कुठून भरतो हा प्रश्न कुठल्याच कलमात नाही.

निर्णय

ठरलं ते असं: फर्म, पण मुदतीने. मी त्याच कॅलेंडरच्या पानावर लिहिलं आणि तिने सही केली. बाहेर पडायच्या दोन अटी: जुलै २०२४ ही तारीख, किंवा बँकेची बाकी तीन लाखांखाली येणं, यांपैकी जे आधी होईल ते. फेडीचा क्रम: आधी पतसंस्था, कारण व्याज बारा टक्के आणि थकबाकी वडिलांच्या नावावर. मग गंठण. मग बँक.

गंठण दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्यावरून आमचं थोडं वाजलं. व्याजदराच्या हिशेबाने ते शेवटी यायला हवं होतं, सोन्यावरचा दर तिथे सगळ्यात कमी होता. अश्विनी ऐकेना. आज मला वाटतं तिचंच बरोबर होतं. ते गंठण सुटलं त्या दिवसापासून घरात तिच्या पुढच्या निर्णयाला विरोध करायला कुणी उरलं नाही.

संस्थेला तिने नकार कळवला, पण कारण लिहून: कर्ज इतकं, घर असं, अडीच वर्षांनी पुन्हा अर्ज करीन. संचालिकेने उत्तर दिलं, वाट बघतो म्हणत नाही, पण अर्ज नक्की वाचू.

काय घडलं

जुलै ते डिसेंबर २०२२, सहा महिन्यांत पतसंस्थेचे एक लाख ७५ हजार आणि सोन्याचे एक लाख २० हजार फिटले. वडील एप्रिलमध्येच कामावर परतले होते. जानेवारी २०२३ पासून बँकेत महिन्याला सरासरी तीस हजार जाऊ लागले, हप्ता सुरू व्हायच्या आधीच. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा नियम तिने शाखेत छापून नेला होता. घरी आठ हजार. उरलेलं बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी.

एक अनपेक्षित हातभार लागला. वकिली हा तेव्हाच्या आयकर कायद्यात ४४-एडीए कलमाखालचा व्यवसाय होता, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येत होता. पहिल्या वर्षी नऊच महिन्यांचं उत्पन्न, त्याचं निम्मं पाच लाखांच्या आत, कर शून्य. कापलेला सगळा टीडीएस, जवळजवळ लाखभर, परत आला आणि थेट कर्जखात्यात गेला. हे तिला फर्ममधल्या एका मुलाने जेवताना सांगितलं. कॉलेजात पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग जुलै २०२४ आला. बँकेची बाकी ४ लाख ७० हजारांच्या आसपास. अट स्पष्ट होती, जे आधी होईल ते. तिने फोन केला. "मॅडम, आणखी सहा महिने थांबते. एवढी बाकी ठेवून जायला भीती वाटते." पगार वाढला होता, आणि ती दोघींचं घर सोडून एकटीच्या खोलीत गेली होती, भाडं ३४ हजार. मी म्हटलं, बघ तुला काय वाटतं ते. कागदावर माझ्याच अक्षरातली अट असताना मी एवढंच म्हटलं. बाकीची भीती खरी होती, पण त्या भाड्याने तीच बाकी लांबत होती, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही.

ती बाहेर पडली जानेवारी २०२५ अखेर, एकतिसाव्या महिन्यात. कारण साधं होतं. वार्षिक आढाव्यात वरिष्ठांनी विचारलं, पुढची तीन वर्षं कुठल्या विभागात काढणार? तिला उत्तर देता येईना. त्या रात्री तिने फोनमधला कॅलेंडरच्या पानाचा फोटो उघडून पाहिला. बँकेची बाकी तेव्हा तीन लाखांच्या थोडी वर होती. उरलेल्या रकमेचा पाच वर्षांचा हप्ता बसवून घेतला, साडेसहा हजार. हाताशी फक्त साठ हजार, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा खर्च.

फेब्रुवारीत ती त्याच संस्थेत लागली. मानधन ३५ हजार.

माझा चुकलेला सल्ला

आम्ही पैशांचा हिशेब इतका बारीक केला की कामाच्या कौशल्याचा केलाच नाही. अडीच वर्षं तिने शेअर खरेदीचे करार तपासले. त्या काळात ती एकदाही फौजदारी कोर्टात गेली नाही. महिन्यातून एक शनिवार ठाण्याच्या किंवा मुंबईच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाबरोबर काढ, एवढं मी सांगायला हवं होतं. सुचलंच नाही. मला वाटत होतं, मन टिकलं की झालं.

परिणाम मी स्वतः पाहिला, मार्च २०२५ मध्ये, प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, ४७९ कलमाखालचा अर्ज. पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडता येतं, ते कलम. अश्विनीने अकरा पानी अर्ज केला होता, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे, परिच्छेद क्रमांकांसकट. साहेबांनी पहिली दोन पानं चाळली आणि विचारलं, "आरोपी कधीपासून आत आहे? कारागृहाचा दाखला कुठाय?" तो तिने आणलाच नव्हता. मग, "जामीनदार आहे का?" नव्हता. तारीख पडली. बाहेर येऊन ती कॉरिडॉरच्या कठड्याला टेकली आणि म्हणाली, "करारात एक जोडपत्र राहिलं तर मेल करता येतो."

तो माणूस आणखी सोळा दिवस आत राहिला. अश्विनी हे सोळा दिवस मोजते, आणि मला वाटतं त्यातले निम्मे माझ्या खात्यावर आहेत.

आता तिच्या पिशवीत एक प्लास्टिकचं फोल्डर असतं: ऐपतीच्या दाखल्याचा नमुना, जामीनदाराचा सातबारा आणि रेशनकार्ड लागतं त्याची यादी, गरीब कैद्यांच्या जामिनासाठी पैशांची मदत देणाऱ्या केंद्राच्या २०२३ च्या योजनेचा अर्ज. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश तिने अधीक्षकांच्या कार्यालयात चिकटवून घेतला आहे. २०१९ मध्ये तिने जाळीपाशी जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर असं, चार कागदांत, असतं.

पुन्हा करायचं तर

२०१७ मध्ये दोन फी-पत्रकं शेजारी ठेवली असती तर कदाचित निवड तीच झाली असती, पण डोळे उघडे ठेवून. वंचित घरांतल्या मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत नेणारा 'इडिया' हा उपक्रम शामनाद बशीर यांनी २०१० मध्येच सुरू केला होता. त्याचं नाव या तालुक्यात पोचलंच नव्हतं. आज प्रवेश घेणाऱ्याने पीएम-विद्यालक्ष्मी योजना आधी तपासावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक संस्थांसाठी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे.

अनुदान नसलं तरी शिकत असताना व्याज भरता येतं. पहिल्या वर्षी ते महिन्याला १ हजार २०० च्याही आत होतं, आणि ते नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. यांना कुणी सांगितलं नाही. बाराशे रुपये त्या घरातून तेव्हा निघाले असते.

वकिलीच्या सनदेसाठी तिने २०२२ मध्ये पंधरा हजारांच्या घरात पैसे भरले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी फी कायद्यातल्या साडेसातशेवर आणली. तिथे तिचा इलाज नव्हता.

आणि एकटीची खोली. याबद्दल मी तिला बोल लावत नाही. रात्री दोनला घरी येणाऱ्या माणसाला दार लावून झोपावंसं वाटतं.

सध्या

२०२५ च्या डिसेंबरअखेर बाकी २ लाख ६५ हजार. साडेसहा हजारांचा हप्ता पाच तारखेला जातो आणि एकदाही चुकलेला नाही. संस्थेचा करार दोन वर्षांचा आहे, निधी आला तर वाढेल. दुसरीकडे विधी सेवा प्राधिकरणाची, गरीब आरोपींना मोफत बचाव वकील देणारी लोक अभिरक्षक योजना २०२२ पासून सुरू आहे, तिच्यात साहाय्यक पदाला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो. तेही कंत्राटच, आणि खासगी केस घ्यायची बंदी. अर्ज करावा की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही.

तिने मला अडवलं त्यातली पहिली जागा किरकोळ होती, भाड्याचा आकडा. दुसरी उणे तीनशेची. समासात तिने लिहिलंय: "तेरा हजारांत खोली धरली होती. मी मावशीकडे राहिले असते तर साडेआठ हजारांत भागलं असतं. तेव्हा मावशीचं नाव कुणीच काढलं नाही, मीसुद्धा." म्हणजे अधिक चार हजार दोनशे. ते खोडून टाकायची मला परवानगी नाही, म्हणून इथे ठेवते आहे. त्या संध्याकाळी मावशीचं नाव निघालं असतं तरी मी फर्मच म्हटलं असतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, माहितीये.